मेणबत्ती : कोणती घ्यावी, कोठे लावू नये

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके एकेकाळी अवर्षणप्रवण म्हणूनच ओळखले जात. घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या पाण्याने व कालव्यांनी त्यांचे रूप पालटले. ज्वारी-करडईच्या रानांत ऊस उभा राहिला, न्हावरे आणि पाटस येथे सहकारी साखर कारखाने निघाले, रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती वसल्या. गावोगावी वीज पोचली त्यालाही आता कित्येक दशके लोटली आहेत. तरीही या भागातील क्वचितच एखादे घर असे सापडेल की जेथे कडप्प्याच्या फडताळात काड्यापेटीशेजारी दोन-चार मेणबत्त्या ठेवलेल्या नाहीत.

याचे कारण उघड आहे. मे महिन्यात वळवाचा पाऊस वादळ घेऊन येतो, बाभळीची फांदी तारेवर पडते आणि सारा शिवार अंधारात बुडतो. रोहित्र, म्हणजे गावच्या भाषेतील डीपी, जळाले तर दुसरे येईपर्यंत वाट पाहावी लागते. २००५ नंतरची काही वर्षे राज्याला भारनियमनाची झळ बसली. त्या काळात गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचे काम हाती घेण्यात आले व गावठाणातील घरांची सोय पुष्कळ सुधारली. परंतु उसामुळे लोक गावठाण सोडून मळ्यात राहावयास गेले होते. वाड्यावस्त्यांवरील ही घरे अनेक ठिकाणी शेतीच्याच वाहिनीवर राहिली आणि पंपाच्या वेळापत्रकाशी त्यांच्या दिव्याचे नशीब बांधले गेले. रेशनवरील घासलेट दुर्मिळ झाल्यावर चिमणी आणि कंदील मागे पडले. त्यांची जागा सहजासहजी घेणारी वस्तू म्हणजे किराणा दुकानातील मेणबत्ती. ती घेताना मात्र फारसा विचार केला जात नाही. हाताला येईल तो पुडा घ्यावयाचा आणि पालथ्या वाटीवर चार थेंब मेण पाडून मेणबत्ती चिकटवावयाची, हीच सर्वत्र रीत.

मराठी घरातील नवा दिवा

समई, निरांजन, पणती, लामणदिवा हे मराठी घराचे जुने दिवे, आणि ते सर्व तेलाचे वा तुपाचे. उष्ण प्रदेशात चरबीची मेणबत्ती मऊ पडते, तिला वास येतो. उलट करडईचे तेल घरच्या रानातले. त्यामुळे मेणबत्तीला येथे पूर्वी वाव नव्हता. आजही देवघरात तिला सहसा स्थान नाही. तथापि तिच्याकडे केवळ अडचणीचा दिवा म्हणून पाहणेही योग्य होणार नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध कुटुंबांतून भगवान बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमेपुढे वंदनेच्या वेळी मेणबत्ती लावण्याचा प्रघात घरोघर रूढ झाला. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन, आणि याच तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी स्थापन केलेले मुक्ती मिशन आहे. ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या दिवसांत मेणबत्ती लागतेच. दिवाळीत तर पणत्यांच्या रांगेत मेणबत्त्या आता सर्रास दिसतात. वीज कितीही नियमित झाली तरी मेणबत्ती घरातून हद्दपार होणार नाही, असे यावरून दिसते.

ज्योत कशी जळते

मेणबत्तीत वात जळते व मेण फक्त तिला धरून ठेवते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात जळते ते मेणच, आणि तेही वायुरूपात. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, वात ते टिपकागदाप्रमाणे वर ओढते, वर त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतील प्राणवायूशी संयोग पावून जळते. ज्योतीचा पिवळा प्रकाश हा तिच्यातील तप्त कार्बनकणांचा. हेच कण न जळता बाहेर पडले की त्यांची काजळी होते. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्याने दिली होती. त्यांतील एक प्रयोग कोणत्याही शाळेत करून दाखविता येण्यासारखा आहे. मेणबत्ती फुंकर मारून विझवावी व वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला लगेच पेटती काडी लावावी. काडी वातीला न टेकताच ज्योत धुरावरून खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. मेणाची वाफ जळते हे विद्यार्थ्यांना याहून सोप्या रीतीने पटविता येणार नाही. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा व मुलींच्या ओढण्या, मोकळे केस दूर ठेवावेत, एवढे पथ्य पुरे.

पूर्वी वात पिळाच्या सुताची असे. ती ज्योतीत सरळ उभी राही, तिचे टोक कोळशासारखे वाढे आणि दर थोड्या वेळाने ते कातरावे लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये विणलेली वात आली. ती जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या अतितप्त भागात येते व आपोआप जळून जाते. चांगली मेणबत्ती ओळखण्याची पहिली खूण ही वातच होय. वातीचे टोक नखाने उकलून पाहावे. वेणीसारखी घट्ट विणलेली सुती वात असेल तर काजळी कमी धरते. वातीच्या मध्यभागी धातूची तार आढळल्यास तिचे उघडे टोक पांढऱ्या कागदावर घासावे. करडी रेघ उमटली तर ते शिसे असण्याचा संभव असतो; असा माल परत करावा. शिशाची तार असलेल्या वातींवर अमेरिकेत २००३ पासून बंदी आहे.

वात आणि मेणबत्तीची जाडी यांचेही प्रमाण असते. जाड मेणबत्तीत बारीक वात असली की वितळलेल्या मेणाच्या डबक्यात ती बुडून विझते. बारीक मेणबत्तीत जाड वात असली की ज्योत मोठी होते, मेण ओघळून वाया जाते आणि तासाभरात सारा कारभार आटोपतो. स्वस्त पुड्यात आढळणारा दोष बहुधा हा दुसराच असतो.

मेणाचा कस

बाजारातील बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात. पॅराफिन हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघणारे मेण. आसामातील दिग्बोई येथील तेलशुद्धीकरण कारखाना या मेणासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे, आणि २०१५ मध्ये नुमालीगड येथेही मेणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. मेणबत्तीसाठी वापरले जाणारे चांगले शुद्ध पॅराफिन साधारणतः ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते. त्यातील तेलाचा अंश नीट काढलेला नसेल तर मेणबत्ती मऊ राहते, बोटांना चिकट लागते, जळताना धूर व घासलेटासारखा वास येतो. स्टिअरिक आम्ल मिसळले की मेणबत्ती कडक व दुधासारखी पांढरी होते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते व सर्वांत छान जळते, पण त्याची किंमत रोजच्या वापराला परवडणारी नाही.

या गोष्टीला शिरूर-दौंडमध्ये विशेष महत्त्व आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तर उष्मा त्याहून अधिक असतो. हलक्या प्रतीची मेणबत्ती अशा वेळी वितळत नाही, पण मऊ होऊन वाकते, आणि वाकलेली मेणबत्ती म्हणजे घसरून पडणारी ज्योत. दुकानात मेणबत्तीवर नख दाबून पाहावे; नख सहज रुतत असेल तर ती उन्हाळ्यात टिकणार नाही. घरी आणल्यावर मेणबत्त्या पत्र्याच्या भिंतीपासून दूर, डब्यात आडव्या ठेवाव्यात.

किमतीचा हिशेब नगावर करू नये, वजनावर करावा. साधी मेणबत्ती तासाला सुमारे ६ ग्रॅम मेण जाळते. सहा मेणबत्त्यांच्या पुड्याचे वजन १५० ग्रॅम असेल तर प्रत्येक मेणबत्ती २५ ग्रॅमची, म्हणजे ती सुमारे चार तास चालावयास हवी. दुसऱ्या पुड्यात दहा नग असूनही वजन १०० ग्रॅमच भरले, तर तो स्वस्त दिसला तरी महागच पडतो. वेष्टनावर वजन छापलेले नसेल तर दुकानदाराला तराजूवर टाकावयास सांगण्यात संकोच कशाला?

उजेड किती

मेणबत्तीचा उजेड किती, हे समजून घेतले की तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हेही कळते. प्रकाश मोजण्याचे कँडेला हे एकक मेणबत्तीवरूनच आले आहे. साधी मेणबत्ती सर्व दिशांना मिळून सुमारे १२ ल्यूमेन प्रकाश देते. ९ वॅटचा एलईडी दिवा ८०० ते ९०० ल्यूमेन देतो. म्हणजे एका साध्या दिव्याची बरोबरी करावयास सत्तर मेणबत्त्या लागतील. मेणबत्ती जळताना ७५ ते ८० वॅट इतकी ऊर्जा खर्च होते, पण तिचा जवळजवळ सर्व भाग उष्णतेत जातो. मेणबत्ती ही दिव्यापेक्षा लहानशी शेगडीच अधिक आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वाचनाच्या दृष्टीने पाहता, पुस्तक मेणबत्तीपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर त्यावर सुमारे ११ लक्स प्रकाश पडतो, एक मीटरवर असेल तर केवळ १ लक्स. वर्गखोलीत साधारणपणे २०० ते ३०० लक्स प्रकाश अपेक्षित असतो. म्हणून दहावीचा विद्यार्थी मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास करू लागला की नकळत पुढे वाकतो, पुस्तक आणि डोके ज्योतीच्या जवळ नेतो, आणि दिवसभर ऊसलागणीत राबल्यामुळे डोळा लागला तर काय होईल हे सांगावयास नको. अभ्यासासाठी मेणबत्तीची निवड करूच नये, हे शाळांनी पालकांना स्पष्टपणे सांगणे इष्ट आहे. वीज असताना चार्ज होणारा आणि ती गेल्यावर आपोआप काही तास जळणारा बल्ब आता तालुक्याच्या बाजारात मिळतो. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी सौर अभ्यासदिव्यांचा एक मोठा उपक्रम हाती घेतला. हे दिवे गावातच जुळवून कमी किमतीत देण्याची त्यात योजना होती.

घरात लावताना

बैठी, रुंद बुडाची मेणबत्ती उंच व बारीक मेणबत्तीपेक्षा केव्हाही बरी. मेणबत्ती वितळलेल्या मेणाने वाटीवर चिकटविण्याची सवय सोडावी, कारण वाटी तापली की हेच मेण मऊ होते. एखाद्या जुन्या पितळी पातेल्यात किंवा मातीच्या कुंडीत चार बोटे कोरडी वाळू भरून तीत मेणबत्ती रोवावी. मेणबत्ती कलंडली तर ज्योत वाळूत पडते. मागे स्टीलचे ताट उभे केले तर उजेडही थोडा वाढतो. प्लॅस्टिकचे पिंप, टीव्ही, फ्रिज, लाकडी देव्हारा आणि मच्छरदाणीजवळची खिडकी या जागा टाळाव्यात. ज्योतीच्या बाजूस हातभर आणि वर निदान एक मीटर जागा मोकळी असावी. लावण्यापूर्वी वात पाच-सहा मिलिमीटरपर्यंत कातरावी. लांब वातीनेच भिंती काळ्या होतात.

मेणबत्ती हातात घेऊन घरभर हिंडणे हा तर निव्वळ धोका. गोठ्यात कडबा असतो, कांदाचाळीत बारदान असते, इंजिनाच्या खोलीत डिझेल असते. गॅसचा वास येत असताना अंधारात शेगडी शोधण्यासाठी कोणी काडी ओढली तर स्फोटास वेळ लागत नाही. अशा वेळी विजेचे बटणही न दाबता दारे-खिडक्या उघडाव्यात व रेग्युलेटर बंद करावा. मळ्यातील घरांना बाहेरच्या उजेडाची गरज निराळीच असते. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि उसाच्या फडात बिबट्याचा वावर आता नित्याचा झाला आहे. अंगणातल्या वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही व तिचा उजेड दहा पावलांपलीकडे पोचत नाही. तेथे प्रखर विजेरीच हवी, आणि घोणस-फुरशाच्या या मुलखात पाय टाकण्यापूर्वी तिचा झोत जमिनीवर टाकावा.

कोपीतील ज्योत

या विषयाचा सर्वांत गंभीर भाग गावाच्या वेशीबाहेर आहे. दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या या तालुक्यांत येतात आणि चार-पाच महिने राहतात. त्यांचा निवारा म्हणजे बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी. कोप्या एकमेकींना खेटून, रानात किंवा कारखान्याच्या आसपास उभ्या असतात. बहुतेकांना विजेची जोडणी नसते. नवरा-बायको पहाटे तीन-चार वाजता उठून फडात जातात आणि मागे राहतात ती लहान मुले, एखादी म्हातारी आणि अंधार.

मेणबत्तीच्या ज्योतीचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. वाळलेले पाचट पेटावयास त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उष्णता लागत नाही. कोपीचे छत बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून दोन-तीन हातांवर असते. वर सांगितलेला एक मीटरचा नियम तेथे पाळणेच शक्य नसते. प्लॅस्टिकचा कागद वितळून खाली ठिबकतो आणि अंगावरच्या नायलॉनच्या कपड्यांप्रमाणे कातडीला चिकटतो. वाऱ्याची दिशा बदलली की एका कोपीची आग शेजारच्या कोप्यांवर जाते. वाळूचे पातेले, रुंद बूड, चांगली वात हे सारे उपाय घरात ठीक आहेत. कोपीत कोणत्याही प्रतीची मेणबत्ती लावणे सुरक्षित नाही.

म्हणून येथे निवड कुटुंबाने करावयाची नसून व्यवस्थेने करावयाची आहे. टोळी उतरते तेव्हा मुकादम, कारखान्याचा शेतकी विभाग आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कोप्या पडतात ती ग्रामपंचायत या तिघांना तिचा पत्ता असतो. हंगामापुरता प्रत्येक कोपीला एक चार्ज होणारा किंवा सौर कंदील देणे आणि कोप्यांच्या मध्यभागी एक सौर पथदिवा उभा करणे हे काम मोठ्या खर्चाचे नाही. कंदिलांची नोंद ठेवून हंगाम संपताना ते परत घेता येतात. दोन कोप्यांत अंतर ठेवावयास लावणे, चुली कोप्यांपासून दूर वाऱ्याच्या उतरत्या बाजूला मांडणे आणि भरलेली पाण्याची दोन पिंपे जवळ असणे, हे तर बिनखर्चाचे. टोळीतील मुले ज्या शाळेत किंवा साखरशाळेत येतात तेथील शिक्षकांना कोपीत रात्री काय जळते हे सर्वांआधी कळते, कारण मुलेच ते सांगतात. त्यांनी ही गोष्ट ग्रामसेवकांच्या कानावर घालावी.

शोभेच्या मेणबत्त्या

काचेच्या पेल्यातील सुगंधी मेणबत्त्या आता शिरूरच्या दुकानांतही दिसतात. त्या घेण्यास हरकत नाही. मात्र तळाशी बोटभर मेण उरले की विझवाव्यात, नाहीतर काच तडकते. वाढदिवसाच्या केकवर फुलबाजीप्रमाणे ठिणग्या उडविणारी वस्तू मात्र मेणबत्ती नव्हेच. ती दारूकामात मोडते. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे अशा वस्तू बनविणाऱ्या कारखान्यात आग लागून त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला आणि पुढे उपचार चालू असताना आणखी काही जण दगावले. तेथे काम करणाऱ्या बहुतांशी महिलाच होत्या. बालवाडीच्या समारंभासाठी खरेदी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ग्रामीण महिलांच्या बचत गटांना मेणबत्तीचा व्यवसाय अनेकदा सुचविला जातो, कारण भांडवल थोडे लागते. मेणाच्या मेणबत्त्या लघुउद्योगासाठी राखून ठेवलेल्या वस्तूंपैकी एक होत्या; एप्रिल २०१५ मध्ये राखीव यादीतील शेवटच्या वीस वस्तूंबरोबर त्यांचेही आरक्षण उठले आणि मोठ्या उत्पादकांची स्पर्धा खुली झाली. आता गटाला टिकावयाचे असेल तर वजन पूर्ण, वात विणलेली व मेण कडक असा मालच द्यावा लागेल. मेण उघड्या विस्तवावर कधीही तापवू नये. पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मेण पेटलेच तर त्यावर पाणी ओतू नये, कारण भडका उडतो. झाकण टाकून ते विझवावे.

मेणबत्तीने वा गरम मेणाने भाजल्यास भाजलेला भाग लगेच साध्या थंड पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, शाई, दंतमंजन, तूप यांपैकी काहीही लावू नये. कातडीला चिकटलेला कपडा ओढून काढू नये. भोवतीचा कापावा व अंगठी-बांगड्या सूज येण्यापूर्वी उतरवाव्यात. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून रुग्णास दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक, तसेच वीज खंडित झाल्याची तक्रार नोंदविण्यासाठी १९१२ हा क्रमांक, ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत. टोळी उतरल्यावर हेच क्रमांक मुकादमाकडेही लिहून द्यावेत.